अध्यक्षांची सही

शाळेच्या वार्षिक अहवालात तीन भाग असत: निकाल, उपक्रम आणि समाजाशी नाते. निकाल मुलं लावत, उपक्रम शिक्षक करत, आणि समाजाशी नाते कारकून लिहून काढत असे. तिन्ही भागांना एका सुरात बांधायचं काम मात्र गेली चौदा वर्षं भाषेच्या बाईंकडे होतं. सरकारी हायस्कूलमध्ये ज्याला चार ओळी बऱ्या लिहिता येतात, त्याच्या गळ्यात हे लोढणं आयुष्यभराचं पडतं.

यंदा अहवालाचा नवा छापील नमुना वरच्या कार्यालयातून आला होता. प्रत्येक उपक्रमापुढे दोन रकाने: वर्षाच्या सुरुवातीला किती मुलं, वर्षाच्या शेवटी किती. तिसऱ्या रकान्यात प्रगती. निम्म्याहून जास्त घट झाली की उपक्रम बंद आणि त्याची खोली मोकळी.

बाईंच्या वाचनवर्गापुढे लिहिलं होतं: सुरुवातीला एक्केचाळीस, शेवटी नऊ.

"अठ्ठ्याहत्तर टक्के घट," मुख्याध्यापक चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "बाई, एवढी घसरण तर मैदानातल्या घसरगुंडीचीसुद्धा नाही."

"सर, बत्तीस मुलं वाचायला शिकली. शिकली म्हणून गेली. न शिकती तर बसली असती."

"ते मला कळतंय हो. रकान्याला कळत नाही."

कारकुनानं टेबलाच्या कडेवरून मान पुढे केली. "एक सुचवू? त्यातल्या वीसेकांना परत घ्या. दोन महिन्यांपुरतं. वाचता येत नाही म्हणून लिहायचं."

"आणि पोरांना काय सांगू? तुला आलेलं वाचन परत कर?"

कारकुनानं मान मागे घेतली. तो वाईट माणूस नव्हता. वीस वर्षं रकाने भरून भरून त्याला माणसं आडवी आणि उभी अशी दोनच प्रकारची दिसू लागली होती, एवढंच.

"खोली वाया जाणार नाही," मुख्याध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले. "तिथे आपण समाजसंपर्क कक्ष करू. दोन कोच, एक कपाट, भिंतीवर फोटो. समाजाचा भाग आपला दर वर्षी फार लंगडा पडतो."

त्या खोलीत आठवड्यातले चार दिवस शाळा सुटल्यावर कोण बसतं, हे मुख्याध्यापकांनी कधी पाहिलं नव्हतं. आठवी-नववीपर्यंत ढकलत आलेली, पण धड वाक्य न वाचता येणारी मुलं तिथे वाचत. आणि प्रत्येक मुलासमोर वस्तीतलं एक मोठं माणूस नुसतं ऐकायला बसे. शिंपी येई, धोबीण येई, निवृत्त बसचालक येई. बाईंचा नियम एकच होता: ऐकणाऱ्यानं चूक सुधारायची नाही. मूल अडलं तर थांबायचं, ते सुटेपर्यंत. शिकलेल्या माणसांना हे जमत नसे. त्यांची जीभ वळवळे. म्हणून बाईंनी शोधून शोधून अशी माणसं आणली होती, ज्यांना धीर होता.

त्यांत सगळ्यात धीराचे होते किल्लीवाले. कोपऱ्यावर टपरीत बसून कुलपं उघडायची, किल्ल्या घासायच्या, हा त्यांचा धंदा. अकरा वर्षांपूर्वी परीक्षेच्या सकाळी प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली हरवली, तेव्हा त्यांनी दीड मिनिटात कपाट उघडून दिलं होतं. त्या भरात त्यांना पालक समितीचं अध्यक्ष करण्यात आलं, आणि पुढे त्यांना काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावर त्यांची सही लागे. कारकून तेवढंच पान घेऊन टपरीवर जाई, पेन्सिलीनं फुली करून देई, आणि ते त्या फुलीवर झोकदार सही ठोकत.

दोन वर्षांपूर्वी कारकुनानं चुकून मोडक्या बाकांची यादी नेली होती. किल्लीवाल्यांनी तिच्यावरही सही केली आणि म्हणाले, "वाचलं. अहवाल यंदा झकास झालाय."

शाळेत येऊन हे सांगताना कारकून हसला होता. बाई हसल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांना उमगलं की अध्यक्षांना सहीपलीकडे अक्षर येत नाही. त्यांनी ते मनात कुलूपबंद करून ठेवलं, आणि आठवड्याभरानं जाऊन त्यांना वाचनवर्गात ऐकायला बोलावलं.

आता बाईंनी स्वतःच्या हातानं सव्विसाव्या पानावर लिहिलं: "प्रतिसाद ओसरल्यामुळे वाचनवर्ग बंद करण्यात येत आहे." वाक्य शुद्ध होतं. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं इतकं खोटं वाक्य त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. उरलेली नऊ मुलं परत मागच्या बाकावर जाऊन बसणार आणि आपल्याला सगळं येतं असं तोंड करायला शिकणार, हे त्यांना दिसत होतं.

सहीसाठी या वेळी त्या स्वतः गेल्या, बत्तीस पानांची आख्खी फाइल घेऊन. वर्ग बंद होतोय हे किल्लीवाल्यांना आपल्या तोंडून कळावं, एवढाच हेतू.

टपरीत किल्ली घासायचं यंत्र घुर्र करत होतं. किल्लीवाल्यांनी ते बंद केलं, हात पुसले.

"आज तुम्ही? कारकून आजारी की काय?"

"नाही. मीच आले. अध्यक्ष, आपला वर्ग बंद होतोय."

"कोण म्हणतं?"

"अहवाल म्हणतो. सव्विसाव्या पानावर."

"मग ती बेकरीवाल्याची पोरगी? तिचं जोडाक्षर आत्ता कुठे सुटायला लागलंय."

"तिचं, आणि आणखी आठ जणांचं."

किल्लीवाल्यांनी फाइल पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "सही कुठे?"

"शेवटच्या पानावर." बाईंनी पान उघडून दिलं. फुली होतीच.

त्यांनी पेन उचललं, टोक फुलीवर टेकवलं, आणि परत उचललं. "ठेवून जा. वाचून सही करतो."

बाईंना वाटलं, बिचाऱ्यांना नाही म्हणायचं असेल आणि म्हणता येत नसेल. त्या फाइल ठेवून परत आल्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. बेकरीवाल्याच्या मुलीनं अडखळत, धापा टाकत आपला धडा संपवला. किल्लीवाले नेहमीसारखे शेवटपर्यंत थांबले. मग त्यांनी पिशवीतून फाइल काढली आणि पहिलं पान तिच्यासमोर पसरलं.

"आता तू ऐक," ते म्हणाले. "आणि मधे बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू, आजोबा," ती म्हणाली. "मला तरी कुठे सगळं येतं."

त्यांनी काळवंडलेलं बोट ओळीखाली ठेवलं. दोन वर्षं त्यांनी या पोरीचं बोट अक्षरांखालून सरकताना पाहिलं होतं. किल्लीचे दात आणि खाचा एका नजरेत टिपणारा माणूस तो. कान्याची दांडी, वेलांटीचं वळण, सगळं त्यांनी तसंच टिपून घेतलं होतं, कुणाला ताकास तूर लागू न देता.

"वा... र्षि... क," ते म्हणाले. "वार्षिक. अ... ह... अहवाल."

मुलगी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. दारात बाई उभ्या होत्या. पुढच्या ओळीत किल्लीवाल्यांनी 'गुणवत्ता' शब्दाची तीनदा मोडतोड केली आणि बाईंची जीभ शिवशिवली. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. स्वतःचा नियम किती जाचक आहे, ते त्यांना चौतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कळलं.

त्या दिवशी अर्धं पान झालं.

चार दिवसांनी कारकून टपरीवर जाऊन हात हलवत परतला. आठवड्यानं मुख्याध्यापक स्वतः वर्गात आले. अहवाल पाठवायची तारीख दुसऱ्या दिवशी होती.

"अध्यक्ष, एक सही फक्त. एवढी वर्षं कधी घोडं अडलं नाही."

"एवढी वर्षं मी वाचलंच नव्हतं, सर," किल्लीवाले सरळ म्हणाले. खोलीतले शिंपी, धोबीण, बसचालक सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांचे कान लाल झाले, पण बोट ओळीवरून हललं नाही. "बरं झालं आलात. चौथ्या पानावर आहे: समाजाचा सक्रिय सहभाग. म्हणजे कोण?"

"म्हणजे... तुम्हीच की. समितीचे अध्यक्ष."

"मग झालं तर. होतोय सक्रिय. पाचवं पान उद्या घेणार."

मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाई खडूची धूळ झटकत होत्या, हाताला खडू लागलेला नसताना. अध्यक्षानं अहवाल वाचू नये असा नियम कुठेही नव्हता. असं कुणी करील हे कुणाच्या डोक्यातच आलं नसल्यामुळे तो करायचा राहून गेला होता.

तारीख उलटली. वरच्या कार्यालयाकडून पत्र आलं: अहवाल प्राप्त न झाल्याने, तो प्राप्त होईपर्यंत शाळेचे सर्व उपक्रम पूर्ववत चालू ठेवावेत. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि कोचाची मागणी रद्द केली. कारकुनानं पत्राची प्रत वाचनवर्गाच्या फाइलला लावली. कुणी सांगितलं नसताना.

शनिवारी वर्ग सुटताना किल्लीवाले दारापाशी घोटाळले. फाइल काखेत होती.

"बाई, फार हळू होतंय का हो? सहाव्या पानावरच आहे अजून. ते वाक्य सव्विसाव्यावर आहे म्हणता. म्हटलं, रोज एक पान रेटलं तर महिन्याभरात..."

"छे छे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलाशी बोलताना असतो तसा मऊ झाला. "घाई अजिबात करायची नाही. मागचं पान पक्कं झाल्याशिवाय पुढचं उलटायचं नाही. आणि सहाव्यावर तो 'मूल्यमापन' शब्द आहे ना, तो तुमचा अजून कच्चा आहे. सोमवारी पुन्हा पहिल्या पानापासून घेऊ."