बँक लुटणारा कोयता

मी बाभळीच्या लाकडाची पिस्तूल बोलतेय. घाबरू नका, कुठं फटाका वाजला तर आधी मीच दचकते.

लिंबागणेशजवळच्या एका वस्तीवर उत्तरेश्वरनं मला तासलं. खरं तर मी कोयत्याची मूठ व्हायची होते. पण त्याची लेक करिष्मा बीडला कॉलेजात शिकते, आणि तिला स्पर्धेसाठी मोबाइलवर इंग्रजी धाटणीचा सिनेमा काढायचा होता. उघडे डोंगर, धूळ आणि बँका लुटत फिरणारं नवरा-बायकोचं जोडपं. जोडपं शोधायला ती लांब गेली नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक 'कोयता' म्हणतात; तो तोडतो, ती मोळ्या बांधते. तिनं आई-बापालाच उभं केलं.

अडचण एकच. शूटिंगच्या दिवशी दुपारीच ऊसतोडीची टोळी साखर कारखान्याला निघणार होती, आणि दोघं थेट उन्हाळ्यात परतणार होते. सिनेमा त्याआधी पुरा व्हायलाच हवा होता.

शाळेची पडवी बँक झाली, चुलता तानाजी मॅनेजर. उत्तरेश्वरनं मला रोखलं. तेवढ्यात त्याची बायको भिवराबाई सवयीनं त्याच्या मागून वाकली, रद्दीच्या नोटा गोळा केल्या, मोळी बांधली आणि डोक्यावर घेतली.

"अगं, बँक लुटायलीस का ऊस भरायलीस?" उत्तरेश्वर म्हणाला.

"मग पिस्तूल माझ्याकडं द्या. मोळी तुमी बांधा."

"वयनी, मला बांधू नका म्हंजे झालं," हात वर करून तानाजी म्हणाला.

मी भिवराबाईच्या हातात गेले. घट्टे पडलेला हात, जरासुद्धा हलला नाही.

लूट झाली. पळून जाणं तेवढं राहिलं होतं, तोच ट्रॅक्टर आला. मुकादम बंकट खेकसला, "चला, बसा. लई उशीर झालाय."

करिष्मानं मोबाइल खाली घेतला. "राहू दे आई," ती पुटपुटली.

भिवराबाईनं मला सरळ बंकटवर रोखलं. "इंजन बंद कर. माझ्या लेकीचं काम ऱ्हायलंय."

बंकटला हसू आलं, पण त्यानं इंजिन बंद केलं. "मग माझ्याच ट्रॅक्टरवरून पळा की," तो म्हणाला.

दोघं ट्रॉलीत चढले. करिष्मानं बजावलं, "आई, दरोडेखोर पळताना मागं बघत नसतात. काही झालं तरी बघू नको."

ट्रॅक्टर निघाला. भिवराबाईनं मागं पाहिलं नाही. वस्ती संपली, वळण आलं, तरी नाही.

गडबडीत मीही तिच्याबरोबर आले. आता कारखान्याच्या तळावर, त्यांच्या पाचटाच्या कोपीत, पिठाच्या डब्यावर पडून असते. करिष्मा, सिनेमात तुला आईची नुसती ताठ पाठ दिसेल. तेवढं दृश्य कापू नकोस. मी तिच्या मुठीत होते. तिनं मला किती आवळून धरलं होतं, ते मलाच माहीत.