महादेवरावांच्या पूलमधला मोर

बेसा भागात आमच्या लेनमध्ये तीन बंगल्यांना लिफ्ट आहे, पण स्विमिंग पूल एकाच घरी आहे, महादेवरावांच्या. महादेवराव कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडते. त्यांनी पूलच्या तळाला निळ्या-हिरव्या टाइल्सचा मोर बसवून घेतला होता. वास्तूच्या दिवशी प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून त्यांनी तो दाखवला, मलाही दाखवला. पुढे काही महिन्यांनी तो मोर दिसेनासा झाला.

झालं असं, की महादेवराव कुंभाला गेले आणि प्रयागराजहून गंगाजलाचे दोन कॅन भरून घेऊन आले. आणलं ते आणलं, आईच्या, म्हणजे मीराबाईंच्या हातून ते पूलमध्ये ओतलं आणि कॉलनीच्या ग्रुपवर निरोप टाकला, की ज्यांना जाणं जमलं नाही त्यांनी रविवारी आमच्याकडे स्नानाला यावं. फुकटचं पुण्य कोणाला नको? अर्धी कॉलनी आली. डोक्याला तेल थापून आली, अंगाला उटणं चोळून आली, झेंडूचे हार आणि द्रोणातले दिवे घेऊन आली. एका गृहस्थांनी तर आत उभं राहून साबण लावला. संध्याकाळपर्यंत पाणी पातळ पिठल्यासारखं झालं.

उपाय सोपा होता. क्लोरीन टाका, नाही तर पाणी सोडून द्या. पण मीराबाईंना दोन्ही नामंजूर. गंगेत औषध टाकायचं नाही आणि गंगा गटारात सोडायची नाही. असं करता करता मे उजाडला. नागपूर पंचेचाळीस डिग्रीत भाजून निघत होतं आणि त्या पूलमध्ये फक्त डासांच्या अळ्या पोहत होत्या.

तेव्हा महादेवराव माझ्याकडे आले. मी धम्मानंद, त्यांच्यापासून चार घरं सोडून राहतो. चौतीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात नोकरी केली. शहर जे पाणी प्यायचं ते आधी मी काचेच्या नळीत धरून पाहायचो. माझं नाव असं आहे, की पुढे आडनाव विचारायची कोणाला गरज पडत नाही. महादेवरावांनीही कधी विचारलं नव्हतं. पाणी तेवढं साफ करून द्या, म्हणाले, मग तुमच्या नातीला उन्हाळाभर पोहू द्या.

इथेच मी फसलो. माझी नात सोनिका नऊ वर्षांची. आई-बापाची नोकरी मौद्याला, त्यामुळे सुट्टीत ती माझ्याकडे. पोहायच्या क्लासमध्ये तिला जागा मिळाली नव्हती, पण पोहायचा चष्मा आधीच घेऊन झाला होता आणि तो लावून ती वरण-भात खायची. मी तिला सांगून टाकलं, रविवारी तू पोहणार.

बुधवारी कामाला लागलो. पहिल्यांदा कारंजं बंद करायला लावलं. आलेल्या-गेलेल्याला दाखवायला महादेवराव ते दिवसभर चालू ठेवायचे, आणि पाणी ढवळत राहिलं तर गाळ बसणार कसा? मीराबाईंना मी समजावलं, की तुरटी म्हणजे औषध नव्हे. त्या लगेच कबूल झाल्या, माहेरी रांजणात त्याही फिरवायच्या. क्लोरीनला मी एका जातीचं मीठ म्हणालो. थोडं खोटं बोललो, पण विज्ञानासाठी बोललो. गाळाचं पाणी गटाराऐवजी जास्वंदीच्या वाफ्यात सोडायचं ठरलं. गंगा फुलांना चालली हे त्यांना फार आवडलं.

गुरुवारी सकाळी वरचं पाणी निवळलं होतं, गाळ खाली बसला होता. पण तो ओढायला पंप लावला तर पंप नुसता घुरघुरायला लागला. तळाची जाळी झेंडूच्या हारांनी आणि भिजलेल्या वातींनी बुजली होती. कोणीतरी आत उतरायला हवं होतं. महादेवरावांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरने आभाळाकडे पाहिलं. शेवटी त्रेसष्ट वर्षांचा मी पँट दुमडून उतरलो. छातीएवढ्या पाण्यात तीन बुड्या मारल्या आणि जाळी मोकळी केली. वर आलो तेव्हा गॅलरीत मीराबाई उभ्या होत्या. मी नमस्कार केला. त्या आत गेल्या.

शनिवारी संध्याकाळी मोर दिसला. पिसाऱ्यावरचा डोळा न् डोळा मोजून घ्यावा इतका स्वच्छ. महादेवरावांनी मला मिठीच मारली आणि रविवारी रात्री पाहुण्यांना जेवायला बोलावलं. खोटं कशाला सांगू, रिटायरमेंटच्या दिवशी शाल-श्रीफळ घेताना झाला नव्हता इतका आनंद मला झाला होता.

रविवारी सकाळी आठ वाजता सोनिकाला घेऊन गेलो. ती पोहायचे कपडे घालूनच निघाली होती. पूलच्या काठावर पाट मांडला होता. पाटावर भटजी बसले होते. शेजारी दुधाचे दोन मोठे कॅन, दह्याची बादली, तूप, मध, गोमूत्राच्या बाटल्या. महादेवराव घाईघाईने पुढे आले.

"धम्मानंदभाऊ, दहा मिनटं थांबा फक्त. आईच्या मनाचं समाधान. पानी शुद्ध करून घेऊन राहिलो."

मी म्हणालो, पाणी शुद्धच आहे, काल संध्याकाळी मी स्वतः तपासलं. ते चपलांकडे पाहत म्हणाले, तसं नव्हे, पाण्यात माणूस उतरला ना.

अर्धी कॉलनी तेल-साबणासकट उतरली होती तेव्हा हे भटजी आले नव्हते. त्यानंतर त्या पाण्यात एकच माणूस उतरला होता. माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली, की मी पोरीला इथे हौसेने घेऊन आलो.

सोनिका माझा हात ओढत होती. "आबा, उतरू का?"

भटजींनी कॅनचं झाकण उघडलं होतं.

"उतर," मी म्हणालो.

तिने उडी मारली. पाणी भटजींच्या सोवळ्यावर उडालं. मग मी महादेवरावांना म्हणालो, "टाका आता दूध. तुमचा मोर झाकून जाईन. मंग तुमी मले बोलवाल, मी जाळी साफ कराले उतरीन, अन् तुमी परत दूध आनाल. कधीपर्यंत चालवाचं हे, तेवढं सांगा."

महादेवरावांनी मोराकडे पाहिलं, गॅलरीतल्या आईकडे पाहिलं. रात्री पाहुणे येणार होते. अडत्या माणूस, त्याने मधला भाव काढला. भटजींच्या कानात काहीतरी सांगितलं. भटजींनी तुळशीचं पान दुधात बुडवलं आणि लांबच्या कोपऱ्यातून पाण्यावर तीन थेंब शिंपडले. गॅलरीत मीराबाईंनी हात जोडले. माझ्यावर केवढे उपकार केले, अशा नजरेने महादेवराव माझ्याकडे पाहू लागले.

पन्नास हजार लिटर पाण्यात तीन थेंबांनी काय होतं, हे माझ्याइतकं थोड्यांनाच माहीत असेल. काहीच होत नाही. पण ते तीन थेंब मला लागले.

सोनिका काठाला लटकून पाहत होती. "आबा, हे काय शिंपडून राहिले?"

तिला काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण मीराबाईंना मीठ सांगितलं होतं तेवढं खोटं पुरे झालं. "गुरुवारी मी उतरलो होतो ना पान्यात," मी म्हणालो, "त्याच्यासाठी."

तिने चष्मा कपाळावर सरकवला. माझ्याकडे पाहिलं, भटजींकडे पाहिलं. मग कोणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, साध्या आवाजात म्हणाली, "मंग या ना तुमीबी. मले एकटीले भेव वाटते."

मी चपला काढल्या आणि पायऱ्यांवरून उतरलो. भटजींनी पान पुन्हा दुधात बुडवून महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव मोराकडे पाहत होते. सोनिकाने माझ्या गळ्यात हात टाकले आणि पाय मारायला सुरुवात केली.