शेरीफच्या छातीवरचा तारा

मी पत्र्याचा तारा. शेरीफच्या, म्हणजे अमेरिकेतल्या फौजदाराच्या छातीवर लावतात ना, तो, पण सिनेमातला. स्टुडिओच्या कारखान्यात मला कापलं, कडा घासल्या, पाठीला डाख देऊन टाचणी बसवली.

माझा पहिला काउबॉयचा सिनेमा तिथल्या मूळच्या नवाहो लोकांच्या मुलखात, लाल कड्यांच्या खोऱ्यात झाला. मी ज्याच्या छातीवर तो भला, हे पोरासोरांनाही कळायचं. कड्याआडून येणारे पिसंवाले ते वाईट. शेरीफ बंदूक उचलायचा, ते घोड्यावरून पडायचे, थिएटरात टाळ्या. मला वाटायचं, टाळ्या आपल्यालाच.

पुढे असल्या सिनेमांचे दिवस सरले. मी पेटीत पडून राहिलो.

खूप वर्षांनी त्याच खोऱ्यात नवा सिनेमा निघाला. शेरीफ झाला होता ड्वेन रिगबी नावाचा नट. पहिल्याच दिवशी, कॅमेऱ्यापुढे, त्याच्या शेरीफने हात बांधलेल्या एका नवाहो पोराला गोळी घातली. मग आडोशाला जाऊन ओकला. घरी येऊन स्वतःच्या मुलीला थोपटून निजवलं. हा भला की बुरा? त्याच्या छातीवर असल्याची मला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या सुट्टीत ड्वेनच म्हणाला, "जुनं बरं होतं बुवा. चांगला तो चांगला, वाईट तो वाईट. सरळ काम."

शेजारी नवाहो नट लेलँड बेनाली मटणाच्या रश्श्यात तळलेली रोटी बुडवत होते. मेलेल्या पोराच्या म्हाताऱ्या बापाचं काम त्यांच्याकडे होतं. ते हसले. "सरळ? अरे, तुझ्या त्या जुन्या सिनेमात, याच खोऱ्यात, मी होतो. एका दुपारीत तीनदा मेलो! डोक्यावरची पिसं बदलायची आणि पुन्हा घोड्यावर चढवायचं."

"तुम्हाला मारलं कशाबद्दल?"

"ते कुणी सांगितलंच नाही. नुसतं ओरडा, म्हणाले. मी आमच्या भाषेत ओरडलो, 'अगं, माझी मेंढरं कुणी पाहिली का?' लोक घाबरले, आमची आई मात्र हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती."

"आजोबा, काहीही हं!" कपडेपट सांभाळणारी त्यांची नात शेरीन म्हणाली.

लेलँड हसायचे थांबले. "या वेळी माझ्या पोराला निदान नाव तरी आहे. आणि त्याला मारून तू ओकलास. तेव्हाचा शेरीफ जेवायला गेला होता."

माझी लाज ड्वेनवरून सरकून माझ्यावरच आली. हा माणूस माझ्यासमोर तीनदा पडला होता, आणि मी त्याला ओळखलंसुद्धा नव्हतं.

शेवटच्या दृश्यात शेरीफ मला उपटून म्हाताऱ्यासमोर टेबलावर ठेवतो. म्हाताऱ्याने मला उचलून त्याच्या हातात द्यायचं, माफ केलं म्हणून. कॅमेरा सुरू झाला. लेलँड माझ्याकडे बघत राहिले. हात काही हलेना.

"आजोबा, तारा उचला ना," दिग्दर्शिका म्हणाली.

"नाही उचलणार, बाई. त्याचं ओझं मी का उचलू?"

"मग लोकांना कळणार कसं, माफ केलं की नाही?"

"मला तरी कुठं कळलंय?"

तिने दृश्य पुन्हा घेतलं नाही. सिनेमात ते तसंच राहिलं.

आता मी शेरीनच्या पेटीत असतो. काळवंडलोय, गंजही चढलाय. एक विनंती आहे: मला घासून पुन्हा चकचकीत करू नका. माझ्या चकाकीने तुमचे डोळे दिपायचे, आणि समोर पडलेला माणूस दिसायचा नाही.