मधली तार पत्र्याला

शिळफाट्यावर ट्रकांची वायरिंग करणाऱ्या हिरू गायकवाडाला सूर म्हणून काही कळत नसे. इंजिनाचा आवाज ऐकून डायनामो गेलाय की पट्टा ढिला झालाय, हे मात्र तो हातातला चहा न ठेवता सांगायचा. त्याची बायको गौराबाई गोड गळ्याची. लग्न असो, जयंती असो, खालापुरापासून कर्जतपर्यंत तिच्या गायन मंडळाला बोलावणं असायचंच. हिरू सगळीकडे बरोबर. पेटी टेंपोत चढवायची, सतरंजी झटकायची, गाणं संपलं की पेटी उतरवायची. "तुमी काय वाजवता?" असं कुणी विचारलं की तो हसून वेळ मारून न्यायचा, पण प्रश्न लागायचा त्याला. लोकांनी आपल्यालाही मंडळातला माणूस म्हणावं, एवढीच त्याची हौस. पन्नाशी उलटली तरी ती काही फिटली नव्हती.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मंडळातल्या सखारामनं सिंथेसायझर बनवला. कारखान्यात मीटर दुरुस्त करणारा हा गडी दोन वर्षं घरात खपत होता. पत्र्याचं खोकं, मोडक्या पेटीच्या पट्ट्या आणि आत मुंबईहून हुडकून आणलेल्या आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपा. पट्टी दाबली की बासरी, बटण फिरवलं की सनई! गौराबाईच्या भाचीच्या लग्नात ते पहिल्यांदा वाजणार होतं. म्हणून आदल्या दुपारी सगळे मांडवात तालमीला बसले.

दोन ओळी झाल्या असतील नसतील, तोच गावातली भातगिरणी सुरू झाली. मांडवातला बल्ब लाल पडला आणि खोक्याचा सूर खाली खाली जायला लागला.

"अवो सखाभाऊ," गौराबाई म्हणाली, "तुमचं खोकं बसत चाललंय. मी काय त्याच्यामागं हिरीत उतरू?"

सखारामनं मीटर लावून बघितला. "दोनशे तीसची लाईट एकशे सत्तर व्होल्टावर आली. एवढ्यात आपला पॉवर सप्लाय तग नाय धरणार. जाऊ दे, उद्या पेटीवरच भागवू." बोलताना त्याचा आवाज पार पडला होता.

"भोंगेवाला भोंग्याला लावतो तशी बॅटरी लाव की," हिरू म्हणाला.

"एका बॅटरीचं काम नाय रं. ह्याला अधिक बारा पायजे, उणे बारा पायजे आणि मधी शून्य पायजे."

"मंग दोन लाव! एकीचा निगेटिव्ह दुसरीच्या पॉझिटिव्हला जोडायचा. जोडलं तिथं तुझं शून्य. चोवीस व्होल्टाच्या ट्रकात आमी दुसरं काय करतो?"

सखाराम त्याच्याकडे बघतच राहिला. "अरं तिच्या! हे मला कसं नाय सुचलं?"

हिरूची छाती फुगली. त्याच संध्याकाळी त्यानं गॅरेजातल्या दोन चांगल्या बॅटऱ्या निवडल्या, त्यांत पाणी भरलं आणि रातभर चार्जिंगला लावल्या. सकाळी टेंपोत त्या मांडीशी धरून बसला, कुणाला हात लावू देईना.

आणि मांडवात त्यानंच घोटाळा केला.

तीस वर्षं ट्रकाखाली झोपून काम केलेला हात तो. ट्रकाला निगेटिव्ह नेहमी बॉडीला असतो. हिरूनं उणे टोकाची तार उचलली आणि बोलता बोलता खोक्याच्या पत्र्याला आवळली. आता त्याच पत्र्याला सखारामनं मधली, शून्याची तार आधीच जोडलेली; म्हणजे एकाच बॅटरीची दोन्ही टोकं पत्र्यावर भिडली. फटकन ठिणगी उडाली, तारेवरचं रबर वितळून धूर निघाला. हिरूनं उघड्या हातानं ती तार उपटली. तळहातावर फोड आला, पण त्याचं लक्ष खोक्याकडे.

"सख्या, जाळलं रं मी तुझं!" त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. दोन वर्षांची मेहनत, आणि आपण तिची राख केली. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

सखाराम झाकण उघडून एकेक आयसी तपासत बसला. पंधरा मिनिटं गेली. मग त्यानं घाम पुसला. "खालच्या बॅटरीचा करंट नुसता पत्र्यातून फिरला. आत कायपण धक्का नाय. चल, जोड परत."

"मी?"

"मंग कोण, मी? मला ट्रकाचं काय कळतं?"

ह्या वेळी हिरूनं दोन्ही टोकांना फ्यूज घातले आणि पोरांना पाढे शिकवावे तसं मोठ्यानं बोलत तारा जोडल्या. "हा अधिक. हा उणे, पत्र्याला नाय. मधली पत्र्याला." दोन्हीकडे मीटर लावला, साडेबारा-साडेबारा भरले. तेवढ्यात गिरणी सुरू झाली, मांडवातले बल्ब लाल पडले. सखारामनं पट्टी दाबून धरली. सूर तसूभर हलला नाही.

लग्न लागलं, जेवणं झाली, मंडळ बसलं. गाण्याआधी साथीदारांची नावं सांगायची आमच्याकडे रीत आहे. गौराबाईनं भोंग्यावर सांगितलं, "ढोलकीवर विठू जाधव. पेटीवर मालनबाई. नव्या वाद्यावर सखाराम मोरे." मग ती जराशी थांबली. "आणि ह्या वाद्याला वीज पुरवणारे, आमच्या मंडळाचे हिरू लक्ष्मण गायकवाड."

बायकांत एकच हसू उसळलं. "अगं बया! उखाण्याबिगर नाव घेतलंन!" संसाराच्या अठ्ठावीस वर्षांत गौराबाईनं नवऱ्याचं नाव असं सरळ कधी उच्चारलं नव्हतं, आणि आज उच्चारलं ते साऱ्या गावाला ऐकू जाईल असं.

हिरूनं मान खाली घातली आणि घट्ट असलेले नट पुन्हा आवळायला घेतले. डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून.

"हिरूभाऊ," सखाराम हळूच म्हणाला, "बस झालं आता. सुरू करू?"

"करा," हिरू म्हणाला, "आपण तयार हाय."