सुरमईचं पथ्य

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची. इस्रायलला पन्नास वर्षं झाली म्हणून त्या वसंतात तिथल्या वाळवंटातल्या येरुहाम गावात विजेच्या खांबाखांबावर निळे-पांढरे झेंडे फडकत होते, आणि त्याच दिवसांत पर्लबाई तळकरांच्या मांजरीचे मागचे पाय गेले.

गेले म्हणजे एकदम नव्हेत. आधी तिने ओट्यावर उडी मारणं सोडलं, मग पलंगावर चढणं सोडलं, आणि एक दिवस पर्लबाई बघतात तो मांजर लादीवरून मागचं अंग ओढत पाण्याकडे चालली होती. पर्लबाईंनी त्याच दिवशी घरभर जुन्या चादरी अंथरल्या, म्हणजे पाय घसरायला नको. पलंगाशी दोन पाट पायऱ्यांसारखे लावले. तिच्या शी-शूच्या वाळूच्या टोपलीची एक कड सुरीने कापून खाली केली. शेजारपाजारचे हसले. हसू देत.

मांजरीचं नाव सुरमई. पर्लबाईंचा नवरा मोझेस बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होता. तिथल्या गवतात सापडलेलं पिल्लू तो जेवणाच्या डब्यात घालून घरी घेऊन आला होता. पाठीचा करडा चकचकीत रंग बघून पर्लबाईंना मुंबईचा मासळीबाजार आठवला, आणि तेच नाव पडलं. आता मोझेसला जाऊनही बरीच वर्षं झाली होती, मुलगी गालित लग्न होऊन पेताह तिक्व्याला नोकरी करत होती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात पर्लबाई आणि सुरमई दोघीच उरल्या होत्या.

दोघीच म्हणायचं, पण तळमजल्यावर लीयाबाई रोहेकर होत्या. दोघी कोकणातल्या यहुदी, मुंबईहून एकाच बोटीने आलेल्या. सुरमई दिवसा लीयाबाईंच्या दारातल्या उन्हात पडायची आणि संध्याकाळी वर यायची. पाय गेल्यावर पर्लबाई तिला गॅलरीतून दोरीच्या टोपलीत घालून खाली सोडू लागल्या, मुंबईला चाळीत पाववाल्याला टोपली सोडायच्या तशी.

"अगं पर्ल, मांजर आहे की बटाटे?" लीयाबाई खालून ओरडायच्या. "हळू सोड! भोवंडते बिचारी."

"माझे गुडघे तू दे उसने, मग उचलून आणते!"

बेरशेबाहून दर मंगळवारी हिलेल नावाचा जनावरांचा डॉक्टर यायचा. त्याने रक्त तपासलं आणि सांगितलं, मूत्रपिंडं थकली आहेत, सांध्यांत संधिवात आहे. पायांची ताकद पहिल्यासारखी येणार नाही, पण पथ्य पाळलं तर आहे तेवढी टिकेल. औषधी खाणं त्याने दिलं होतं, ते सुरमईने हुंगून सोडलं. "मग उकडलेली कोंबडी द्या," तो म्हणाला. "पण मीठ नको. चिमूटभरही नको. आणि कातडीखाली सलाईन द्यावं लागेल, एक दिवसाआड."

सलाईन द्यायला लीयाबाई होत्या. त्यांनी कुपात-होलीमच्या, म्हणजे आजारपणाच्या विम्याच्या, दवाखान्यात बावीस वर्षं आयाचं काम केलं होतं, पण सुई टोचायला तिथल्या नर्सबाईंनीच शिकवलं होतं. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवायची, मग कपड्यांच्या दोरीच्या खिळ्याला टांगायची. पर्लबाई मांजरीला मांडीवर धरायच्या, लीयाबाई मानेमागची कातडी चिमटीत उचलायच्या. पाणी आत गेलं की खांद्यावर उंटासारखा उंचवटा यायचा आणि संध्याकाळपर्यंत उतरून पुढच्या पायात यायचा.

"बघ, एका पायात बूट घातलाय राणीने," लीयाबाई म्हणायच्या.

इतकं करूनही सुरमई सुधारेना. भांडंभर पाणी प्यायची तरी तहान सरेना. मग ती भिंतीला धडकू लागली. हिलेलने डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, रक्त पुन्हा तपासलं आणि जरा रागानेच विचारलं, "हिला मीठ कोण देतंय? रक्तदाब चढलाय, तो डोळ्यांवर आलाय."

"कोणी देत नाही," पर्लबाई म्हणाल्या.

"कुठून तरी जातंय. आजी, हे थांबलं नाही तर महिन्याभरात ती आंधळी होईल, आणि हाल होतील. तसं झालं तर मीच सांगेन तुम्हाला, तिला कायमचं झोपवून टाकू या."

फोनवर गालितचंही तेच. पर्लबाई मराठीत बोलायच्या, गालित हिब्रूत उत्तर द्यायची. "इमा, दाय," म्हणजे आई, पुरे आता. "ती म्हातारी झालीय. तू तरी किती करशील?"

"म्हातारी तर मी पण झालेय," पर्लबाईंनी ऐकवलं, आणि फोन ठेवला.

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. मीठ कोण देतंय? लीयाबाईंच्या बहिणीने हैफाहून सुक्या बोंबलांचं पुडकं पाठवलं होतं, मुंबईहून कोणीतरी आणलेलं. लीयाबाई ते भाजायच्या तेव्हा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. आणि सुरमई दिवसभर त्यांच्याच दारात.

पर्लबाई जिना उतरून गेल्या. "लीया, खरं सांग. बोंबील घातलास ना तिला?"

"मी?"

"नाहीतर कोण? तुझा हात सैल. येईल त्याच्यापुढे ताट वाढतेस."

"पर्ल, मी बावीस वर्षं पेशंटांची पथ्यं सांभाळली. मला शिकवतेस?"

"पेशंट बोलायचे. ही बोलत नाही म्हणून..."

"चालती हो माझ्या दारातून," लीयाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टोपली खाली आली नाही. त्यानंतरही आली नाही. सलाईनची पिशवी लीयाबाईंच्या कपाटात, सुई त्यांच्या हातात, आणि मांजर वर. पर्लबाई तिला चमच्याने पाणी पाजत होत्या, मांडीवर घेऊन कोंबडी भरवत होत्या. सुरमई मात्र मलूल होत चालली. मान वर धरवेना.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. लीयाबाई कठड्याला धरून धापा टाकत उभ्या होत्या, काखेत सलाईनची पिशवी.

"तुझ्याशी बोलायला आले नाही," त्या म्हणाल्या. "मांजरीला बघायला आलेय. पाणी कोमट कर."

पर्लबाई पाणी कोमट करायला आत वळल्या. लीयाबाई पाठोपाठ स्वयंपाकघरात गेल्या आणि मोरीपाशी थांबल्या. तिथे तिरक्या फळीवर कोंबडीचे चार तुकडे ठेवले होते, जाड्या मिठाने पांढरे झालेले.

"हे आजच्या शब्बाथच्या जेवणाचं?"

"नाही, हे सुरमईचं."

"आणि हे मीठ?"

"मीठ कुठे घातलंय? कोशर करतेय."

यहुद्यांना रक्त खायला चालत नाही. मांसातलं रक्त निघून जावं म्हणून ते पाण्यात भिजवायचं, मीठ लावून फळीवर निथळत ठेवायचं आणि मग तीनदा धुवायचं, हे कोकणातल्या यहुदी घरांत मुलींना परकर नेसायच्या वयातच शिकवायचे. ते मीठ स्वयंपाकातलं नव्हेच. पर्लबाई साठ वर्षं ते करत आल्या होत्या, आणि डॉक्टरने विचारलं तेव्हाही ते मीठ त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"पर्ल, तिला कसलं कोशर? मांजर आहे ती!"

"ती मांजर आहे. भांडं माझं आहे. रक्ताचं मांस माझ्या भांड्यात?"

"अगं पण इथे दुकानातली कोंबडी मीठ लावूनच येते! एकदा त्यांनी लावलं, वर तू लावलंस."

"त्यांनी लावलं ते मी पाहिलंय? आलो तेव्हा हेच लोक विचारत होते, तुम्ही खरे यहुदी कशावरून. त्यांच्या मिठावर मी विश्वास ठेवू?"

लीयाबाईंना हसू आलं. तोंडावर पदर धरायची जुनी सवय, पण अंगात झगा होता, म्हणून हातच धरला. मग त्यांनी पर्लबाईंकडे पाहिलं आणि हसू थांबलं. पर्लबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि फळीकडे बघत होत्या.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "माझ्याच हाताने. आणि तुला बोलले मी."

"बोललीस खरी," लीयाबाई म्हणाल्या. "बोंबलाचा एक काटाही दिला नव्हता. आता पाणी ठेव, बाई, पिशवी गार आहे."

सलाईन दिलं. मग दोघी बराच वेळ तोडगा शोधत बसल्या. दुकानातली कोंबडी घ्यावी तर तिला आधीच मीठ, बिनमिठाची घ्यावी तर पर्लबाईंच्या भांड्याला चालायची नाही. शेवटी लीयाबाईंनाच सुचलं. "मासा! माशाला कोशर करायला मीठ लागतच नाही."

मंगळवारी हिलेलला विचारलं. ताजा, नुसता उकडलेला, थोडा थोडा चालेल, म्हणाला. रक्तदाबाची गोळीही लिहून दिली. मिठाची हकीकत ऐकून तो डोकं खाजवत राहिला. "हा प्रश्न कॉलेजात कोणी विचारला नव्हता," म्हणाला.

त्या संध्याकाळी पर्लबाईंनी सुरमईला स्वतः उचललं, एकेक पायरी बसत खाली नेलं आणि लीयाबाईंच्या पलंगावर ठेवलं. चादरी, पाट, कापलेली वाळूची टोपली, सगळं दुसऱ्या फेरीत आणलं.

"हे काय?"

"हिला तुझ्याकडेच राहू दे. जिना नको, टोपली नको. आणि माझा हात माझ्या स्वयंपाकघरात मिठाकडे आपोआप जाईल, मला माहीत आहे."

"तुला करमेल?"

"नाही करमणार," पर्लबाई म्हणाल्या. "दिवसा येऊन बसेन."

सुरमईचे पाय काही परत आले नाहीत. नजर एकाच डोळ्याची तेवढी राहिली. पण तहान कमी झाली, मान वर आली, आणि गुरुवारी बेरशेबाच्या बसमधून लीयाबाई मासळी घेऊन उतरल्या की ती अंग ओढत दारापर्यंत यायची. अशी ती आणखी अडीच वर्षं जगली. दोन हजार सालच्या हनुक्क्याच्या सणात एका दुपारी झोपली ती उठली नाही. इमारतीमागच्या निलगिरीखाली दोघींनी तिला पुरलं.

हिलेलने पुढे गावोगाव फिरणं सोडलं आणि बेरशेबातच दवाखाना थाटला. लीयाबाई दोन हजार चार साली खुब्याचं हाड मोडल्यावर बहिणीकडे हैफाला गेल्या आणि तिथेच वारल्या. पर्लबाई त्यांच्या मातीला गेल्या होत्या, तीन बसगाड्या बदलून. त्यानंतर वर्षभरात गालितने आईला पेताह तिक्व्याला नेलं. तिथे पर्लबाई आणखी तीन वर्षं जगल्या. नातवंडं हिब्रूत बोलायची, त्या मराठीत, आणि दोघांचं बरं चालायचं. येरुहामचं घर इथिओपियाहून आलेल्या एका कुटुंबाने घेतलं. गालित अजून पेताह तिक्व्यालाच आहे.