मालनबाईची बियाण्याची कणगी

मी एक जुनी कणगी आहे, मित्रांनो. कणगी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही. आता घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या आहेत आणि त्या आमच्याकडे पाहून नाक मुरडतात. मी निरगुडीच्या फोकांची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली, धान्य साठवायची माणसाएवढी उंच टोपली समजा. टोपली म्हटलेले मला आवडत नाही, पण तुम्हाला समजावे म्हणून म्हटले.

सोनईपासून कोसभरावर एका वस्तीतल्या शेतकऱ्याच्या घरी माझा जन्म झाला. भीमा बुरडाने दारातल्या लिंबाखाली बसून मला विणले. विणताना तो सारखा बोलत होता. माझी बडबड बहुधा त्याच्याकडूनच आली असावी.

"मालनबाई, अशी वीण घातलीय, उंदराची टाप न्हाई आत शिरायची!"

"उंदराचं सोडा, भीमादादा. मुंगीला जरी वाट गावली ना, तर तुमाला परत बलवीन," मालनबाई म्हणाली.

ही मालनबाई त्या घरची सून. तिच्या लेकी सासरी नांदायला गेल्या होत्या. घरात ती, तिचा नवरा बन्सी आणि म्हातारे सासरे श्रीमंतआबा, एवढीच माणसे होती. हात मात्र तिला चार असावेत, असे वाटण्याजोगे तिचे काम होते.

माजघराच्या मागे कोठीची खोली होती आणि ती खोली म्हणजे मालनबाईचा जीव की प्राण. एका बाजूला उतरंड होती. तळाला मोठा डेरा, त्यावर लहान मडके, त्यावर त्याहून लहान. त्यांत तूरडाळ, हुलगे, मटकी, तीळ. मिठाचे मडके भिंतीपासून दूर, मिरच्या शिंक्यावर. रोज लागणारे दाराजवळ, सणासुदीचे मध्ये आणि बियाणे सगळ्यांत आत, ही तिची रीत. अंधारातसुद्धा तिचा हात हव्या त्या मडक्यावर बरोबर पडायचा.

आणि सजावट काय वर्णावी! भिंतींना पांढरी माती, खाली गेरूचा पट्टा, मडक्यांच्या गळ्याला चुन्याचे ठिपके, दारावर जोंधळ्याच्या कणसांचे तोरण. माझ्या पोटावर तर तिने मोरांची जोडी काढली होती. आलेल्या बायका पाणी प्यायच्या आधी खोली बघायला येत. शेजारची मुबारकबी (मालनबाई तिला बुबू म्हणे) म्हणायची, "मालन, तुझ्या खोलीत पाय ठेवला की जेवल्यावानी वाटतं बघ." मी बियाण्याची कणगी, म्हणून सगळ्यांत शेवटी माझ्यापुढे येऊन बायका थांबत. खोटे कशाला सांगू, मला त्याचा फार तोरा होता.

माझ्या पोटात रब्बीच्या जोंधळ्याचे बी असे. सुगी झाली की आबा स्वतः एकेक कणीस निवडून काढीत. मालनबाई ते बी राख आणि लिंबाचा पाला घालून माझ्यात भरी आणि माझे तोंड शेणामातीने लिंपून टाकी. ते उघडायचे थेट पेरणीच्या दिवशी, हळदकुंकू वाहून. मध्ये कुणी डोकावायचेसुद्धा नाही. नवी नवरी होऊन ती घरात आली तेव्हाच आबांनी तिला हे शिकवले होते. "पोरी, बी आपलं नसतं, पुढच्या सालाचं असतं. घरात माणूस उपाशी निजलं तरी बियाला हात लावायचा न्हाई." मालनबाईने ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले.

मग बहात्तर साल आले. त्या वर्षी पावसाने पार डोळे वटारले. खरीप करपले आणि रब्बीला तर वाफसाच, म्हणजे पेरण्याजोगी ओलच, झाला नाही. माझ्या पोटातले बी तसेच राहिले. उतरंडीतली मडकी एकामागून एक रिकामी झाली. बन्सी आणि मालनबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. रेशनच्या दुकानातून लाल मिलो, म्हणजे परदेशी जोंधळा, येई, त्याच्या भाकरी होत. दावणीची बैलजोडी आणि गाय दूरच्या गुरांच्या छावणीत गेली. तरीही मालनबाई कामावरून आली की कोठीच्या खोलीत जायची. रिकामी मडकी पुसायची, पुन्हा रचायची, त्यांच्यावरचे उडालेले ठिपके पुन्हा द्यायची. तिला तसे करताना पाहून मला रडू येई.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास माझ्या अंगावरचे जुने लिंपण सुटायला लागले. दरवर्षी ती मला ताज्या शेणाचा हात देत असे. पण जनावरे छावणीत, मग शेण कुठून येणार? तिने नुसती माती कालवली आणि माझे अंग सारवले. शेण नसलेली माती ती. वाळली तशी तिला बारीक भेगा पडल्या. मालनबाईला त्या दिसल्या, नाही असे नाही. तिला वाटले, रंगाखाली बुजतील. तिने गेरूचा दाट हात दिला आणि त्यावर मोर काढले. इतके सुंदर मोर तिने आधी कधी काढले नव्हते. मुबारकबी तर बघतच राहिली.

त्या मोरांच्या पिसाऱ्याखालच्या भेगांतून सोंडे माझ्या पोटात शिरले. सोंडे म्हणजे धान्याला लागणारे बारीक काळे किडे. एकेक दाणा आतून पोखरला जात होता, ते मला कळत होते. मित्रांनो, देवाने कणगीला पोट दिले, तोंड दिले, पण बोलायला जीभ दिली नाही. त्या दिवसांत मला त्याचा जेवढा राग आला, तेवढा कधीच आला नाही.

त्याच उन्हाळ्यात आबा अंथरुणाला खिळले. त्यांना मिलो पचत नव्हता.

"मालन," ते हाक मारायचे, "आपल्या जोंधळ्याची एक भाकर कर गं. ह्यो लाल घास नरड्याखाली उतरत न्हाई."

"आबा, बी हाय ते. तुमीच तर सांगितलंय, हात लावायचा न्हाई."

"व्हय, व्हय. खरं हाय. ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी ते सारे विसरून पुन्हा मागायचे. लहान मुलासारखे मागायचे. मालनबाई त्यांच्यासमोर धड असायची, पण कोठीत येऊन तोंडात पदर कोंबून रडायची.

मुबारकबीने तिला समजावले. "मालन, म्हाताऱ्याच्या तोंडात एक घास घाल. मूठभर काढल्यानं काय व्हतंय?"

"आज मूठभर, उद्या ओंजळभर. मंग पेरायचं काय, बुबू?"

एका दुपारी ती खुरपे घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. माझ्या तोंडावरच्या लिंपणाला तिने खुरप्याचे टोक लावले. फोड बाई, फोड, असे मी मनात ओरडत होते. फोडले असते तर आबांना भाकरी मिळाली असती आणि तिला सोंडेही दिसले असते. पण तिने खुरपे खाली ठेवले, माझ्या पाया पडली आणि निघून गेली.

जेठ महिन्यात आबा गेले. जाताना त्यांनी काही मागितले नाही.

त्र्याहत्तर साली मात्र पाऊस झाला. बैल छावणीतून घरी आले. उत्तरा नक्षत्रात वाफसा झाला आणि बन्सीने पेरणीची पाभर बाहेर काढली. मालनबाईने अंघोळ करून मला हळदकुंकू वाहिले आणि माझे तोंड फोडले. तिने खांद्यापर्यंत हात आत घातला. मूठ बाहेर काढली, तर मुठीत पीठ होते, पोकळ टरफले होती आणि त्यांतून पळणारे सोंडे होते.

"आगं... हे तर समदं पोखारलंय," बन्सी म्हणाला.

मालनबाई म्हणाली, "आबांना न्हाई दिलं म्या. किड्यांनी खाल्लं."

पेरायला बी मुबारकबीच्या घरून आले. तिचा नवरा इब्राहिम ते पाठीवर घेऊन आला, मागून मुबारकबी आली. "तुमचं कसं ऱ्हायलं, बुबू?" मालनबाईने विचारले. मुबारकबीला सांगणे जड जात होते. "पोरं रडायला लागली की आमी कणगी उघडायचो, मालन. थोडंथोडं खाल्लं. उघडली म्हणून किडा दिसला, मंग उन्हात घातलं. उरलं ते ह्ये."

पितृपंधरवड्यात भरणी आली. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाला त्या दिवशी घास ठेवतात. मालनबाईने माझे पोट तळापर्यंत उपसले, सुपात पाखडले आणि धड राहिलेले दाणे एकेक करून वेचले. एका भाकरीपुरते निघाले. तिने ते दळले, पांढरीशुभ्र भाकरी थापली आणि परसातल्या भिंतीवर ठेवून हात जोडले. कुणाकुणाकडे कावळ्याची दुपारपर्यंत वाट पाहावी लागते. इथे तिचे हात जोडलेलेच होते, तोच कावळा आला आणि भाकरी उचलून गेला.

बन्सीला बरे वाटले. "आबांचा राग न्हाई बघ तुज्यावर," तो म्हणाला.

"राग नसंल वो," मालनबाई म्हणाली, "पर किती भूक लागली हुती त्यांना!"

त्यानंतर तिने माझ्यावर मोर काढले नाहीत. शेणामातीचा हात मात्र दरवर्षी दिला, आणि महिन्या-दोन महिन्यांनी माझे तोंड उघडून ती आत पाहू लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मीही सांगेन. धान्याची खोली नीट ठेवा, सजवा, पण रंग देण्याआधी भेगा बुजवा. आणि घरातले कुणी थकलेले माणूस एक घास मागत असेल, तर मला जपू नका. खुरपे घ्या आणि माझे तोंड फोडा. मला काही होत नाही. कणगी पुन्हा लिंपता येते.