मागावरची अंगठी

हैदरचं सगळं आयुष्य निशापूरच्या पिरोजाच्या खाणीत गेलं, पण बायकोच्या, गुलअंदामच्या, बोटात त्यानं कधी खडा घातला नव्हता. काम सुटलं तेव्हा मात्र त्यानं स्वतः निवडून एक आणला. निवळलेल्या आभाळाच्या रंगाचा, कडेला केसाएवढी काळी रेघ. तो घेऊन दोघं बाजारात अंगठ्या घडवणाऱ्या नसरुल्ला उस्तादांकडे गेली.

"चार नखांत धरा, उस्ताद, नुसत्या चार बारीक आकड्यांत," हैदर म्हणाला. "खडा सगळा दिसू दे. चहूबाजूंनी भिंत घालून कोंदणात बसवलात तर गोधडी पांघरलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसेल."

"म्हाताऱ्यांना गोधडी लागतेच की," गुलअंदाम म्हणाली. तिचं कुतूहल निराळंच होतं. "उस्ताद, खडा बसून राहतो तो नक्की कशानं? डिंकानं?"

"डिंक असतो थोडा, पण भिस्त धातूवर. तुमचे हात काय काम करतात, खानम?"

"गालिचे विणते."

उस्तादांनी खणातून काचेच्या खड्यांच्या दोन जुन्या अंगठ्या काढल्या. एक नखांची, एक कोंदणाची. "मागावर घालून बघा, मग सांगा."

घरी आल्या आल्या तिनं नखांची घातली. गाठी मारता मारता एक नख ताण्याच्या उभ्या धाग्यात अडकलं आणि धागा तुटला. तिनं अंगठी डोळ्यांजवळ नेली. नखाखाली लोकर शिरली होती, नख जरासं उचललं गेलं होतं.

"मुद्दाम अडकवलंस," चहा घेऊन आलेला हैदर म्हणाला.

"मग तुम्ही विणा."

त्यानं ती करंगळीत घातली. तिसऱ्याच गाठीला अडकला. त्यानं अंगठी काढून तिच्या हातावर ठेवली.

कोंदणाची अंगठी धाग्यांवरून सुळकन सरकत होती. पण फणीनं ओळी ठोकून झाल्यावर गुलअंदामनं ती कानाशी हलवली, तर आत काच खुळखुळत होती. हे का, ते तिला कळेना. दोन्ही अंगठ्या घेऊन ती परत बाजारात गेली. हैदरही मागोमाग आला.

"कोंदणाची भिंत झिजलीय हिची," उस्ताद म्हणाले. "तुमच्यासाठी जाड घेऊ. आणि ही रेघ म्हणजे खड्याची नाजूक जागा. त्या बाजूला भिंत उंच ठेवावी लागेल."

"म्हणजे रेघ झाकणार?" हैदरनं विचारलं. "तिच्यावरूनच तर मी हा खडा ओळखला."

हैदरनं खडा उचलून उजेडात धरला, मग उस्तादांच्या हातावर ठेवला.

"झाका. ती कुठं आहे ते मला माहीत आहे."

काही दिवसांनी दोघांच्या समोर उस्तादांनी चांदीची भिंत खड्यावर दाबत आणली. समोरासमोरची टोकं आधी, मग मधली जागा.

"शेवटचं मी दाबू?" गुलअंदामनं विचारलं.

खडा फुटेल या धास्तीनं हैदरनं तोंड फिरवलं. उस्तादांनी हत्यार तिच्या हातात दिलं, वर आपला अंगठा ठेवला. गाठी घट्ट करायची सवय असलेल्या तिच्या हातांनी नेमकं हवं तेवढंच दाबलं. खडा शाबूत होता.

अंगठी बोटात घालून तिनं मूठ उघडमिट केली. मग विचारलं, "आणि कधी खडा काढायचा झाला तर, उस्ताद?"

"आत्ता तर बसवलाय, खानम," उस्ताद हसले आणि शेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "बसा, सांगतो."